वायसर कुठाय?

मे महिन्याच्या शेवटी समोरच्या बंगल्यातल्या वहिनींनी गॅलरीतून हाक मारली, "भाऊजी, जरा आमच्या मागच्या बाजूलाही एक चक्कर मारा ना. डास फार झालेत."

मी गाडी फक्त सुरू केली होती. सायलेन्सरमधून निघालेला पांढरा धूर गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत येत होता. वहिनींना ती खरोखरच नगर परिषदेची फवारणी वाटली की त्या माझी फिरकी घेत होत्या, हे मला अजून कळलेलं नाही.

गाडी २०११ ची. डिझेल. दोन लाख किलोमीटर कधीच ओलांडलेली. गेले दोन महिने ती सकाळी सुरू व्हायला कुरकुरत होती आणि सिग्नलला उभी राहिली की हुडहुडी भरल्यासारखी थरथरत होती. डॅशबोर्डवरचा गणपती सारखा नकारार्थी मान हलवायचा. लिटरमागे अठरा किलोमीटर देणारी गाडी तेरावर आली, तेव्हा मात्र मी सर्व्हिस सेंटर गाठलं.

तिथल्या मुलाने इंजिनाकडे न बघता हातातल्या टॅबवर बघून सांगितलं, "सर, चारही इंजेक्टर बदलावे लागतील. पंच्याहत्तर हजार, टॅक्स वेगळा." इंजेक्टर म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा सोडणारी नळकांडी.

"एकच बिघडला असेल तर?"

"सर, सेट घेतलेला बरा पडतो."

हे वाक्य मी स्टीलच्या डब्यांच्या दुकानात पुष्कळदा ऐकलंय. तेव्हाही मी एकच डबा घेऊन आलो होतो. मी तसाच धूर सोडत घरी आलो आणि रात्री मोबाईलवर तीन व्हिडिओ बघितले. त्यातल्या एका गृहस्थाने पांढरे स्वच्छ हातमोजे घालून, ओल्या वाफ्यातून मुळा उपटावा तसा इंजेक्टर उपसून दाखवला. नऊ मिनिटांत. माझ्या आयुष्यातले पुढचे चार दिवस त्या नऊ मिनिटांत गेले.

आधी चोर पकडायचा होता. प्रत्येक इंजेक्टरला डिझेल जेवढं पोचतं, त्यातलं थोडं उरून परतीच्या बारीक नळीने मागे जातं. जो आतून झिजलाय, तो जास्त मागे सोडतो. म्हणून चारही परतीच्या नळ्या काढून चार सारख्या बाटल्यांत सोडायच्या, इंजिन काही मिनिटं चालवायचं आणि बाटल्या बघायच्या. घरात सारख्या मापाच्या बाटल्या आईच्या काढ्यांच्याच होत्या. पहिल्या सिलिंडरला दशमूलारिष्ट, दुसऱ्याला अशोकारिष्ट, तिसऱ्याला कुमारीआसव आणि चौथ्याला द्राक्षासव लावलं. पाच मिनिटांत कुमारीआसव गळ्यापर्यंत भरलं. बाकीच्या तीन बाटल्यांचे तळ जेमतेम ओले झाले होते. पंच्याहत्तर हजारांतले निदान तीन हिस्से जागच्या जागी वाचले, या आनंदात मी बायकोला बोलावून ती बाटली दाखवली. ती म्हणाली, "आता या बाटल्या परत फडताळात ठेवू नकोस म्हणजे झालं."

इंजेक्टर ही चीज दिसायला जाडसर पेनासारखी. पण तिच्या टोकाला जी भोकं असतात ती मिलिमीटरच्या सातव्या-आठव्या भागाएवढी, म्हणजे दोन केस शेजारी शेजारी ठेवावेत तेवढी. इंजिनाचे दोन हजार फेरे चालू असतील, तर एकेका सिलिंडरला सेकंदाला सोळा-सतरा वेळा फवारा जातो. आणि मागून दाब किती? आपल्या स्वयंपाकघरातल्या कुकरची शिटी होते ती साधारण एक बारला. इथे चढावर जोर लावला की १,६०० बार. सोळाशे कुकर एकाच वेळी शिटीला आलेत आणि आपण झाकण उघडायला निघालोय, असं समजा. म्हणून इंजिन बंद करून दाब उतरेपर्यंत नळीला हात लावायचा नाही, आणि इंजिन चालू असताना तर नाहीच नाही. तो फवारा कातडी फोडून आत शिरतो. वरून टाचणी टोचल्याएवढं दिसतं आणि आतून बोट जायची वेळ येते.

रुडॉल्फ डिझेलसाहेबांनी १८९७ साली आपलं इंजिन नीट चालवून दाखवलं, तेव्हा त्यांनाही हेच कोडं होतं की एवढ्या दाबाच्या सिलिंडरमध्ये तेल घुसवायचं कसं. ते दाबलेल्या हवेने फुंकायचे. त्यासाठी इंजिनाला एक अवजड कॉम्प्रेसर जोडावा लागे. मोटारीत बसेल असा बेताचा पंप पुढे बॉशच्या कारखान्यातून १९२७ मध्ये निघू लागला. तो बघायला डिझेलसाहेब नव्हते. १९१३ च्या सप्टेंबरात इंग्लंडला जाताना ते रात्री बोटीवरून नाहीसे झाले. का, ते कुणालाच नक्की सांगता आलेलं नाही. त्या रविवारी दुपारी दोनच्या सुमाराला मला थोडा अंदाज आला.

तो रविवार म्हणजे १ जून. गुरुवारपासून मी रोज रात्री इंजेक्टरच्या बुडाशी गंज सोडवायचं तेल सोडत होतो. रविवारी सकाळी इंजिन जरा कोमट केलं, बंद केलं, चहा घेतला आणि दारातल्या जांभळाखाली बॉनेट उघडलं.

उघडलेलं बॉनेट आणि उघडी पडलेली विहीर, दोन्हींत डोकावल्याशिवाय माणूस पुढे जात नाही. पेपरवाला थांबला. दूधवाला थांबला. मग एसटीकाका आले.

एसटीकाका म्हणजे आमच्या डावीकडचे शेजारी. दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत ३४ वर्षं काढून निवृत्त झालेले. १ जून १९४८ ला पहिली एसटी पुण्याहून नगरला गेली तेव्हा काकांचा जन्मही झाला नव्हता, पण ती हकिगत ते अशी सांगतात की पहिल्या फेरीची घंटी त्यांनीच मारली असावी. एसटीचा वाढदिवस असल्याने त्या दिवशी ते इस्त्रीच्या शर्टात होते.

"काय झालं रे?"

"काका, तिसरा इंजेक्टर गेलाय."

"नोझल म्हण. इंजेक्टर काय! आणि एअर धरली असेल बघ."

काकांचं पहिलं निदान नेहमी हेच असतं. पाण्याची मोटर असो, गॅसची शेगडी असो, त्यांच्या मते सगळं जग कुठेतरी एअर धरून बसलेलं आहे. मी त्यांना बाटल्या दाखवल्या. त्यांनी कुमारीआसव उजेडात धरून बघितलं आणि खुर्ची मागवली.

सतराच्या पान्याने नळीचे नट सुटले. वायरचा कनेक्टर सुटला, त्याची प्लास्टिकची कडी तुटली. क्लॅम्पचा बोल्ट सुटला. आता मुळा उपटायचा तेवढा राहिला.

मुळा हलेना. पान्याने डावीकडे केसभर, उजवीकडे केसभर. तेल. पुन्हा डावीकडे. चौदा वर्षांचा काजळीचा लेप आत डांबरासारखा बसला होता. पेपरवाला म्हणाला, "पहारीने उचका." दूधवाला म्हणाला, "गरम पाणी ओता." काका म्हणाले, "बोल्ट ढिला ठेवून इंजिन मार. कॉम्प्रेशन आपोआप बाहेर फेकतं." मी विचारलं, "कुठे फेकतं?" काकांनी वर जांभळाकडे बघितलं आणि विषय सोडला.

शेवटी स्टेशनजवळच्या पंप-नोझलच्या दुकानातून दोनशे रुपये भाड्याने ओढायचा हातोडा आणला. लांब दांडा, त्यावर सरकणारं वजन. दांडा इंजेक्टरच्या डोक्याला पिळायचा आणि वजन सपकन आपल्याकडे ओढायचं. ठक्. प्रत्येक ठोक्याला वहिनींच्या गॅलरीतली एकेक खिडकी उघडत गेली. माझी लेक मोजत होती. त्रेचाळिसाव्या ठोक्याला 'फट्' असा आवाज झाला आणि मी, दांडा आणि इंजेक्टर असे तिघंही तुळशीच्या कुंडीला जाऊन टेकलो.

टाळ्या पडल्या. खरंच पडल्या. इंजेक्टर या हातातून त्या हातात गेला. बारशाच्या बाळासारखं सगळ्यांनी त्याला बघितलं. मीही तिथेच उभा राहून कौतुक ऐकत होतो. तेवढ्यात वहिनींचा धाकटा म्हणाला, "काका, जांभूळ आत गेलं."

इंजिनाच्या डोक्यात जिथून इंजेक्टर निघाला, तिथे बोटभर रुंदीचं भोक होतं. मोकळं. त्यावर फडकं टाकायला मी विसरलो होतो. आणि वरून पडलेलं टपोरं जांभूळ त्यात बरोबर मापाने बसलं होतं, कारखान्यातून तसंच आल्यासारखं. जोर लावला तर फुटणार, रस खालच्या बारीक छिद्रातून सिलिंडरमध्ये. बायकोने काही न बोलता भुवयांचा चिमटा आणून दिला. जांभूळ अखंड निघालं. ते वहिनींच्या धाकट्याने खाल्लं का, हे मी विचारलं नाही.

मी भोकावर फडकं टाकलं. काकांनी इंजेक्टर चष्म्यावरून बघितला. टोकावरून अंगठा फिरवला. मग शांतपणे म्हणाले, "वायसर कुठाय?"

"कुठला?"

"तांब्याचा. बुडाशी असतो. त्याच्यावरच तर नोझल टेकतं."

इंजेक्टर उपटताना उडाला असेल, म्हणून सगळे खाली बसले. सहा माणसं गुडघ्यांवर, गाडीच्या चारी बाजूंनी. दहा मिनिटांत एक रुपयाचं नाणं, माझा हरवलेला दहाचा पाना आणि वहिनींच्या कुड्याची फिरकी सापडली. फिरकी दोन वर्षांपूर्वी गेली होती म्हणे. त्या आनंदात कुणीतरी पेढे आणायची भाषा केली आणि निम्मे लोक काम संपलं असं समजून घरी गेले.

वायसर आतच होता. बॅटरीच्या उजेडात तळाशी एक काळं कडं दिसत होतं, दूध करपल्यावर पातेल्याला धरतं तसं. तांबं म्हणून ओळखायला जागाच नव्हती.

"राहू दे की," मी म्हणालो. "नवा त्याच्यावरच बसेल."

काकांनी माझ्याकडे असं बघितलं की ३४ वर्षांत एकाही शिकाऊ उमेदवाराने असं म्हटलं नसावं. "दोन वायसर म्हणजे एका घरात दोन घरजावई. एकही धड बसत नाही. नोझल वर उचललं जाणार, खालून गॅस फुसफुसणार आणि सहा महिन्यांत इथे डांबराचा कारखाना."

मग वायसर काढायचे प्रयोग झाले. वाकवलेली तार सरळ झाली. चुंबक लावलं, तांब्याला चुंबक धरत नाही हे सातवीतलं ज्ञान आम्हा तिघांना एकाच वेळी आठवलं. उदबत्तीच्या काडीला ग्रीस लावून बघितलं. काडीचं टोक वाकलं तेव्हा माझा जीव घशात आला, कारण ते मोडून खालच्या छिद्रातून आत पडलं असतं तर अख्खं हेड उतरवावं लागलं असतं.

आई ओट्यावर बसून पुतणीच्या बाळासाठी टोपडं विणत होती. सकाळपासून तिने एकदाही वर बघितलं नव्हतं. मी क्रोशाची सुई मागितली.

"कशाला?"

"एक रिंग अडकलीय आत. आकड्याने येईल."

"ही माझ्या आईची सुई आहे. तुझ्या हातात नाही द्यायची," म्हणून आई स्वतःच उठली. आली. स्टूल मागितलं. मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांनी एकदा भोकात बघितलं, आणि मग डोळे बाजूलाच वळवून, जांभळाच्या शेंड्याकडे बघत सुई आत सोडली. दोन बोटांत सुई अलगद फिरत होती. कुठेतरी तळाशी 'टिक्' झालं. आईने मनगट जरासं कलतं केलं, पुन्हा एकदा 'टिक्', आणि सुईच्या आकड्याला लटकून काळं कडं वर आलं.

कुणी काही बोलेना. काका खुर्चीतून उठून उभे राहिले होते.

"सुटलेला टाका उचलायचा, त्यात काय एवढं!" आई म्हणाली, सुई पदराला पुसली आणि टोपड्याकडे परत गेली.

पुढचं सगळं सरळ झालं. बैठक घासून पुसून लख्ख केली. साडेसहा हजारांचा दुरुस्त केलेला इंजेक्टर, वीस रुपयांचा नवा वायसर, नवी दाबाची नळी. गाडीला स्टार्टर मारला. नुसती घरघर. पुन्हा मारला. घरघर.

"एअर धरली," काका म्हणाले.

आणि या वेळी खरोखरच धरली होती. फिल्टरवरचा हातपंप दाबून दाबून कडक केला, तिसऱ्या स्टार्टरला गाडी लागली. काका त्या दिवशी किती खूश होते ते मी सांगू शकत नाही. आयुष्यभर एकच उत्तर लिहीत आलेल्या मुलाला अखेर तोच प्रश्न आला होता.

तरी इंजिन किंचित अडखळत होतं. प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर अक्षरं-आकड्यांचा एक कोड असतो, तो गाडीच्या कॉम्प्युटरला कळवावा लागतो, नाहीतर त्याला किती डिझेल द्यायचं याचा हिशेब जुनाच चालू राहतो. तो कोड मी टिपून घेतला नव्हता आणि आता त्यावर कनेक्टर, तुटलेल्या कडीसाठी बांधलेली तार आणि इतर बरंच काही होतं. लेकीने सकाळी 'बाबांचा नवा इंजेक्टर' म्हणून स्टेटसला फोटो टाकला होता. तो मोठा करून वाचला. सोमवारी एक पोरगा स्कॅनर घेऊन आला, पाच मिनिटं बटणं दाबली, आठशे रुपये घेऊन गेला. चार दिवसांत माझ्या पाठीचं जे झालं होतं त्याकडे बघून त्याने विचारलं, "काका, गॅरेजला का नाही दिली?"

गणपतीची मान आता स्थिर आहे. धूरही गेला. वहिनी म्हणतात, डास वाढलेत.

पुढच्या रविवारी बारसं झालं, आमच्याच हॉलमध्ये. बाळाच्या आत्याने टोपडं हातात घेतलं, नाकाशी नेलं आणि जरा लांब धरलं. "काकू, डांबराच्या गोळ्यांत ठेवलं होतं का?" आई म्हणाली, "नाही, इंजेक्टरची सुई आहे ती." पुढे कुणी काही विचारलं नाही. टोपडं घातलं, नाव ठेवलं, घुगऱ्या वाटल्या. आणि पाळण्यातलं बाळ एकदम रडायला लागलं. कुणाकडून गप्प होईना. बायका म्हणाल्या भूक लागली असेल, कुणी म्हणालं दृष्ट लागली.

एसटीकाका घुगऱ्यांची वाटी खाली ठेवून उठले, पाळण्यात डोकावले आणि म्हणाले, "एअर धरलीय. खांद्यावर घेऊन पाठ थोपटा."