स्पॉकला बहीण असली तर बिघडलं काय?

‘स्टार ट्रेकचा खून कोणी केला?’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मराठी मेसेज सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. स्टार ट्रेक म्हणजे १९६६ मध्ये सुरू झालेली अमेरिकन अंतराळकथांची टीव्ही मालिका. मी तो वाचून सोडून दिला असता. पण पेडण्याच्या माझ्या मावसभावाने तो आमच्या घरच्या ग्रुपवर टाकला आणि फोंड्याला राहणाऱ्या भाचीने वाचला. ती नववीत आहे, दोन महिने ‘डिस्कव्हरी’ ही स्टार ट्रेकची अलीकडची मालिका आवडीने बघत होती. रविवारी गेलो तर मोबाइल टेबलावर पालथा घालून बसलेली. म्हणाली, “मामा, ही खरी स्टार ट्रेक नव्हे म्हणतात. मी उगीच बघितली?”

उगीच नाही बघितली. मेसेज लिहिणाऱ्यानेच जुनी मालिका नीट बघितलेली नाही.

त्याचा सगळ्यात मोठा आरोप असा: जुन्या लेखकांनी कथेचा धागा कधी तुटू दिला नाही, नव्यांनी मात्र २०१७ मध्ये ‘डिस्कव्हरी’त स्पॉकला, म्हणजे जुन्या मालिकेतल्या व्हल्कन ग्रहावरच्या अधिकाऱ्याला, मायकल बर्नहॅम नावाची दत्तक बहीण चिकटवली. पन्नास वर्षांत स्पॉकने तिचं नाव काढलं नाही, म्हणजे ती थापच.

स्पॉकने घरच्या कुणाचं नाव आपणहून काढलं होतं? १९६६ च्या एका सुरुवातीच्या भागात तो म्हणतो, माझ्या एका पूर्वजाने पृथ्वीवरच्या बाईशी लग्न केलं होतं. हा ‘पूर्वज’ पुढे त्याचा सख्खा बापच निघाला. सप्टेंबर १९६७ मध्ये कळतं, की लहानपणीच त्याची सोयरीक झालेली आहे. अंतराळजहाजाचा कप्तान कर्क त्याचा जिवलग मित्र, पण त्यालाही याचा पत्ता नव्हता. मग नोव्हेंबर १९६७ चा ‘जर्नी टू बेबल’ हा भाग. व्हल्कनचा राजदूत सारेक बायकोसह जहाजावर येतो. कर्क स्पॉकला म्हणतो, व्हल्कनवर उतरून आईवडिलांना भेटून ये. स्पॉक सांगतो, राजदूत आणि त्यांच्या पत्नी हेच माझे आईवडील. जो माणूस बाप समोर उभा राहीपर्यंत जिवलग मित्राला त्याची ओळख सांगत नाही, तो बहिणीबद्दल गप्प राहिला तर ते त्याच्या स्वभावाला धरूनच झालं. १९८९ च्या चित्रपटात सायबॉक नावाचा सावत्र भाऊही असाच अचानक उगवला. त्याचा या मेसेजमध्ये उल्लेखसुद्धा नाही.

आणि धागा म्हणाल, तर भाचीला मी १९६६ चा तोच भाग लावून दाखवला. त्यात कर्कसाठी खणलेली कबर आहे, वर दगड. चित्र थांबवलं. दगडावर कोरलंय, जेम्स आर. कर्क. तिने दोनदा वाचलं. “पण तो जेम्स टी. ना?” हो, टी. टायबेरियसचा टी नंतर आला. लेखक घडवत गेले, बदलत गेले. माझा हाच मावसभाऊ जत्रेतला दशावतार पहाटेपर्यंत बघतो. तिथे लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं आणि नट संवाद जागच्या जागी रचतात. एकच राक्षस दोन कंपन्यांत दोन तऱ्हांनी बोलतो, ते त्याला चालतं.

क्लिंगन या लढाऊ परग्रहवासीयांची तोंडं बदलली, हा दुसरा मुद्दा. यात तथ्य आहे, मान्य करतो. २०१७ चे बिनकेसांचे क्लिंगन मलाही आवडले नाहीत, आणि पुढच्याच हंगामात निर्मात्यांनी त्यांना केस दिले. पण कपाळावरच्या वळ्या १९७९ च्या चित्रपटात आल्या, त्याआधी नव्हत्या, आणि आधी त्या का नव्हत्या याचं कारण मालिकेने थेट २००५ मध्ये दिलं.

आता ज्या मुद्द्याने माझं डोकं फिरलं तो. ‘पूर्वी नुसतं विज्ञान होतं, बायका, काळे लोक आणि राजकारण आता घुसवलं.’ हे वाक्य नववीतल्या मुलीने वाचलं. १९६४-६५ च्या अगदी पहिल्या चाचणी भागात जहाजाची दुसऱ्या क्रमांकाची अधिकारी बाई होती. १९६६ पासून जहाजाच्या नियंत्रणकक्षात उहुरा ही कृष्णवर्णीय अधिकारी आहे. ती भूमिका करणाऱ्या निशेल निकल्स पहिल्या हंगामानंतर सोडून जाणार होत्या. मार्टिन ल्यूथर किंग यांनी जाऊ नका म्हटलं म्हणून राहिल्या, हे त्यांनी आत्मचरित्रात सांगितलं आहे. उहुराला बघून अंतराळाचं स्वप्न पाहणारी एक मुलगी, मे जेमिसन, १९९२ मध्ये खरोखर अंतराळात गेली. तिथे जाणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. पुढच्या वर्षी तिने स्टार ट्रेकमध्ये छोटी भूमिकाही केली. जानेवारी १९६९ च्या एका भागात अर्धं तोंड काळं, अर्धं पांढरं असलेली दोन माणसं भांडतात, फक्त काळी बाजू डावी की उजवी यावरून. याला राजकारण म्हणायचं नाही तर कशाला?

बाई कप्तान नको म्हणणाऱ्यांना एक आधार सापडतो: जून १९६९ च्या शेवटच्या भागात, कप्तानांच्या जगात बायकांना जागा नाही, असं एक पात्र म्हणतं. ती त्या मालिकेची चूक होती. १९८६ च्या चित्रपटात साराटोगा जहाजाची कप्तान कृष्णवर्णीय बाई दाखवली, आणि १९९५ मध्ये तर एका अख्ख्या स्टार ट्रेक मालिकेची नायिकाच कॅप्टन जेनवे ही बाई झाली. ‘आता’ म्हणजे नेमकं कधी?

‘खरे चाहते सोडून गेले’ या मुद्द्याला मी उत्तर देणार नाही. कोण खरा हे ठरवायचा अधिकार मेसेज लिहिणाऱ्याला कुणी दिलेला नाही. जुन्या मालिकेचे ७९ भाग जसेच्या तसे आहेत, ज्याला हवेत त्याने बघावेत.

येत्या शनिवारी रात्री भाचीकडे ‘जर्नी टू बेबल’ लावायचं ठरलं आहे. मावसभावाला मी फोन केला. तो येतोय.