सुरीने पाजलेले पाणी

तीस वर्षे मी शाळेत मराठी शिकवले. ‘पाणी पाजणे म्हणजे पराभव करणे’ हे फळ्यावर किती वेळा लिहिले असेल, त्याची गणती नाही. लोहाराच्या भाषेत मात्र हत्याराला पाणी देणे म्हणजे लालबुंद पाते एकदम निववून कडक करणे. या दोन अर्थांमध्ये फारसे अंतर नाही, हे निवृत्तीनंतर मालवणजवळच्या आमच्या परसात एका सुरीने मला शिकवले.

भंगारातून ट्रकच्या कमानीचा पाटा आणून, महिनाभर घासून मी पहिले पाते घडवले. चार विटांच्या भट्टीत करवंट्यांचा कोळसा पेटवला, भात्याच्या जागी मुलीचा हेअर ड्रायर लावला, पाते चांगले केशरी झाल्यावर, भाषेवर पूर्ण विश्वास ठेवून, बादलीतल्या विहिरीच्या पाण्यात बुडवले आणि ‘टिंग’ असा अतिशय सुरेल आवाज आला. पात्यावर केसाएवढी काळी रेघ धारेपासून पाठीपर्यंत गेली होती. अंगठ्याने जरा दाबताच दोन तुकडे झाले. तुटल्या जागी पोलाद जाड्या रव्यासारखे दाणेदार दिसत होते.

वाडीतल्या लोहारतात्यांनी ते तुकडे चष्मा वर करून पाहिले. “मास्तरांनू, ह्या पाट्याक पाणी सोसना नाय, त्याका तेल व्हया. आनि माका सांगा, आगीत ठेवन जेवक गेल्लात काय?”

जेवायला नव्हे, चहाला गेलो होतो. पण रव्याने चुगली केली होती. पोलाद गरजेपेक्षा जास्त तापले की त्याचे कण वाढतात आणि ते ठिसूळ होते. शिवाय एकदम निवताना त्यात जी कठीण रचना तयार होते (आडोल्फ मार्टेन्स या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावावरून तिला मार्टेन्साइट म्हणतात) ती आधीपेक्षा जास्त जागा मागते. बाहेरचा थर आधी कडक होऊन बसतो, आतला मागाहून फुगतो, आणि एकाच घरात राहणाऱ्या दोन भावांचे होते तेच होते. कमानीच्या पोलादात कर्बाबरोबर क्रोमियम किंवा सिलिकॉनही असते, त्यामुळे ते तेलाच्या संथ थंडाव्यातही पुरेसे कडक होते. पाण्याची घाई त्याला मानवत नाही.

म्हणून दुसऱ्या खेपेला तेल आणि संध्याकाळची वेळ, कारण भर उन्हात तापल्या लोखंडाचा रंग डोळ्यांना फसवतो. जुन्या स्पीकरचे लोहचुंबक तारेला बांधले. साधारण 770 अंशांना पाते त्याला ओळख दाखवेनासे झाले. मग चिमूटभर मीठ टाकले, ते 801 अंशांना वितळते. वितळले; आणखी किंचित तापवून पाते तेलात. तेल घरातलेच होते, बांगडे तळून उरलेले, आणि वार सोमवार होता. भडका विझायच्या आत कुंपणापलीकडून प्रश्न आला, “वयनी, आज सोमवारी बांगडे?” सौभाग्यवतींनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, तिने कुठलेही पाते जागच्या जागी कडक झाले असते.

पण कानस त्या पात्यावरून काचेवरून सरकावी तशी सरकली! आता लगेच ते ओव्हनमध्ये ठेवून त्याचा ठिसूळपणा उतरवायचा, एवढेच उरले होते. तेवढ्यात पावसाची पहिली सर आली आणि कोकणातल्या रीतीप्रमाणे तिच्याआधीच लाईट गेली. सकाळी बघू म्हणून पाते खिडकीत ठेवले. रात्री दोन वाजता टिंग. पात्यावर मी मोठ्या प्रेमाने छिन्नीने ‘सौ.’ कोरले होते. तडा नेमका त्यातल्या मात्रेच्या टोकापासून निघाला होता. खोल ओरखडा किंवा तीक्ष्ण कोपरा दिसला की सगळा ताण तिथेच गोळा होतो, हे मला तात्यांनी सांगितले. सौभाग्यवतींनी या घटनेचा वेगळा अर्थ लावला.

तिसऱ्या पात्यावर मी काहीही कोरले नाही. धार नाण्याएवढी जाड ठेवली, आडवे ओरखडे लांबीच्या दिशेने घासून काढले, आचमनासारखे तीनदा तापवून मोकळ्या हवेत निववले. नवे शेंगदाणा तेल साठ अंशांपर्यंत कोमट केले, कारण गार तेल दाट असते आणि पात्याची उष्णता सावकाश ओढते. मंगळवार पाहून पाते टोकाकडून सरळ आत घातले. बाजूला हलवले असते तर वाकले असते. श्वास रोखून ऐकले. काही नाही. हाताला सोसेल इतके निवताच पुसून ते ओव्हनमध्ये, 200 अंशांवर दोन तास, मग निववून पुन्हा दोन तास. नानकटाईच्या ट्रेमध्ये पात्याला हळूहळू पिकल्या पेंढ्याचा रंग चढत होता आणि मी समोर स्टूल टाकून बसलो होतो.

टिंग!

मी छातीला हात लावून उठलो. आतून आवाज आला, “अहो, वेळ संपली त्याची. ओव्हन वाजला तो.”