सात डेक्कन क्वीन आणि एक बोट

आमच्या घरी प्रवास तासांत मोजत नाहीत, डेक्कन क्वीनमध्ये मोजतात. पुणे-मुंबई सव्वातीन तास म्हणजे एक डेक्कन क्वीन. हे माप मी गेल्या दिवाळीत बसवलं, धाकटी तेव्हा दोन वर्षांची होती. लोणावळा यायच्या आत खाऊचा डबा संपला, चित्रांचं पुस्तक समोरच्या काकांच्या चहात गेलं, घाटातल्या प्रत्येक बोगद्यात ही किंचाळली आणि प्रत्येक बोगदा संपल्यावर "पलत" म्हणाली, आणि दादर येईपर्यंत अख्ख्या डब्याला तिचं नाव, वय आणि तिला शी कधी होते हे सगळं माहीत झालेलं होतं. तेव्हापासून कोणी म्हणालं की चार तासांचाच तर प्रवास आहे, की मी मनातल्या मनात सव्वातीनने भागते.

तर नवऱ्याने मार्चमध्ये जाहीर केलं की जूनमध्ये शाळा उघडायच्या आत आपण स्कँडिनेव्हिया करू. ट्रेनने. नऊ दिवस. माझा भाऊ हॅम्बुर्गला असतो, पोरं मामाकडे जाणार म्हणजे सुट्टी झाली, आणि मामाकडून ट्रेनने वर सरकायचं, कोपनहेगन, स्टॉकहोम, ऑस्लो, बर्गन. त्याने एक्सेल उघडलं. ह्या माणसाने एक्सेल उघडलं की मी गॅस बारीक करते, कारण आता जेवायला दीड तास तरी कोणी येणार नाही.

"अगं, बर्गन लाईन! १९०९ सालची! मध्ये फिन्से स्टेशन आहे, १२२२ मीटरवर, तिथे गाडीरस्ताच जात नाही, फक्त ट्रेन!"

"तिथे डायपर मिळतात का?"

त्याने ऐकलं नाही. तो फ्लोमला पोचला होता. मिर्दालहून फ्लोमला उतरणारी वीस किलोमीटरची लाईन आहे म्हणे, ८६६ मीटरवरून थेट समुद्राच्या पातळीला, आणि चढ १ ला १८. "आपला बोरघाट १ ला ३७ आहे!" हे त्याने शेजारणीला पोराचे मार्क सांगावेत तशा आवाजात सांगितलं. मी एक्सेलच्या शेवटी एक रकाना वाढवायला लावला. हॅम्बुर्ग-कोपनहेगन दीड डेक्कन क्वीन. कोपनहेगन-स्टॉकहोम दीडच्या वर. स्टॉकहोम-ऑस्लो पावणेदोन. ऑस्लो-बर्गन दोन. बेरीज जवळजवळ सात. नऊ दिवसांत सात डेक्कन क्वीन, अडीच वर्षांची पोर मांडीवर. मांडीवर अशासाठी की युरेलच्या, म्हणजे युरोपभर चालणाऱ्या रेल्वेच्या पासात बारा वर्षांखालची मुलं मोठ्यांबरोबर फुकट आणि चारच्या आतल्यांना तर पासही लागत नाही, पण पास नाही म्हणजे हक्काची सीटही नाही, आणि स्वीडनच्या फास्ट गाडीत सीटचे पैसे पासधारकालाही वेगळेच भरावे लागतात. नवऱ्याने हुकमाचा पत्ता काढला, बर्गनच्या गाडीत फॅमिली डबा असतो, पोरांना खेळायची वेगळी जागा असते. म्हटलं छान, तिथे सात तास तू बस, मी खिडकीतून तो तुझा पठाराचा बर्फ बघते. त्या रात्री नॉर्वे रद्द झाला.

(नॉर्वे जाताना एक फायदा करून गेला, तीनपैकी एक चलन कमी झालं. डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे हे तिघे शेजारी म्हणजे एकत्र कुटुंब पण चुली वेगळ्या. तिघंही शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर चालणाऱ्या देशांत, पण युरो कोणीच वापरत नाही, नॉर्वे तर युरोपियन युनियनमध्येही नाही, आणि तिघांच्या पैशाचं नाव जवळपास एकच, पण एकाची नोट दुसऱ्याच्या दुकानात चालत नाही.)

मग व्हिसा. नियम असा की जिथे मुक्काम जास्त त्या देशाकडे अर्ज करायचा, आणि मुक्काम सारखेच असले तर जिथून शिरणार त्या देशाकडे. आमचं होतं हॅम्बुर्ग दोन रात्री, कोपनहेगन तीन, स्टॉकहोम तीन. म्हणजे डेन्मार्क आणि स्वीडन बरोबरीत, म्हणजे शिरणार तिथे, म्हणजे जिथे सगळ्यात कमी राहणार त्या जर्मनीकडे. हे एजंटला समजावून सांगताना तो मला, मी नवऱ्याला आणि नवरा एक्सेलला समजावत होता. एक रात्र कोपनहेगनची उचलून स्टॉकहोमला टाकली की दूतावास बदलतो, परत आणली की परत जर्मनी. तेवढ्यात वहिनीचा फोन, "इतक्या लांबून येताय आणि दोनच दिवस? लोक काय म्हणतील?" हॅम्बुर्गमधले नक्की कोणते लोक काय म्हणणार होते कोण जाणे, पण स्टॉकहोमची एक रात्र गेली आणि हॅम्बुर्गला तीन झाल्या. अर्ज मात्र जर्मनीकडेच राहिला, तेवढं वहिनीमुळे सोपं झालं.

फी मोठ्यांना ९० युरो, सहा ते बारातल्यांना ४५, सहाच्या आत फुकट. थोरल्याला फेब्रुवारीतच सहा पूर्ण झाली. सासूबाई म्हणाल्या, "पाच सांगायचं." एसटीत चालतं हो आई ते.

खरा प्रसंग पुढेच होता. फोटो. ३५ बाय ४५ मिलिमीटर, मागे पांढरं, डोळे उघडे, तोंड बंद. धाकटीचं गणित जन्मापासून असं आहे की डोळे उघडे असले की तोंड उघडं, आणि तोंड बंद असलं की ती झोपलेली असते. लक्ष्मी रोडवरचे फोटोवाले काका मुरलेले होते, त्यांनी आधी घंटा वाजवली, मग कुत्र्याचा आवाज काढला, मग त्यांच्या मदतनीस पोराने पडद्यामागून कावळ्याचा काढला. कावळ्याला हिने चक्क कावळ्यातच उत्तर दिलं. मग काकांनी तिला लिमलेटची गोळी दिली, गोळीमुळे तोंड तर मिटलं पण डावा गाल असा फुगला की काका म्हणाले, ताई, हा दाढदुखीचा व्हिसा होईल. पंचेचाळीस मिनिटांनी तिने दाराकडे बघून एकदा सुस्कारा सोडला आणि ओठ मिटले, तेवढ्यात क्लिक. फोटोत ती निवृत्त हेडक्लार्क दिसते. बारा वर्षांखालच्यांचे बोटांचे ठसे घेत नाहीत हे कळल्यावर मी दुकानातच देवाला हात जोडले.

शहरांचं प्लॅनिंग त्यामानाने पटकन उरकलं. कोपनहेगनला स्टेशनासमोरच टिवोली आहे, १८४३ सालची बाग, पाळण्यांची, म्हणजे ट्रेनमधून उतरून थेट आत, पोरांना हॉटेल दाखवायचंच नाही. जलपरीचा पुतळा बघायला मी नाही म्हटलं, ती सव्वा मीटर आहे, आमच्या थोरल्यापेक्षा जेमतेम चार बोटं उंच, आणि तो घरी फुकट बघायला मिळतो. एक संध्याकाळ पूल ओलांडून स्वीडनमधल्या माल्मोला. स्टॉकहोमला वासा. ते जहाज मला न बघताच जवळचं वाटायला लागलंय. १६२८ साली मोठ्या थाटात पहिल्या सफरीला निघालं आणि दीड किलोमीटरसुद्धा जायच्या आत बंदरातच आडवं झालं, कारण वर तोफा आणि नक्षीकाम भरमसाठ आणि खाली वजन कमी. आमची बाबागाडी हेच करते. हँडलला दोन पिशव्या, पाण्याची बाटली, थोरल्याचं जर्किन, आणि पोरीला उचललं रे उचललं की गाडी मागच्या मागे धाडकन उताणी. वासा ३३३ वर्षांनी, १९६१ ला वर काढलं. आमची मी रोज चार वेळा काढते.

झोपेचं काय करायचं ते मात्र अजून सुचलेलं नाही. आमच्याकडे नियम सोपा आहे, अंधार झाला की झोपायचं. जूनच्या सुरुवातीला स्टॉकहोमला सूर्य मावळतो दहाच्या सुमारास आणि साडेतीनला परत हजर. म्हणजे धाकटी कायद्याने साडेपाच तासच झोपायला बांधील आहे.

सासूबाईंनी बरणीभर तूप कढवून ठेवलं होतं, त्यांना सांगावं लागलं की बाहेरून येताना दुधाचे पदार्थ युरोपात नेऊ देत नाहीत. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "आणि तूप नसलेल्या देशात तुम्ही पैसे देऊन जाताय."

आता बोटीचं. थोरल्याला ह्या ट्रिपमध्ये टिवोली नको होतं, वासा नको होतं, मामासुद्धा बेताचाच हवा होता. त्याला पटवायला बापाने पहिल्याच दिवशी एक व्हिडिओ दाखवला होता, हॅम्बुर्गहून कोपनहेगनला जाणारी ट्रेन किनाऱ्यावर येते आणि अख्खीच्या अख्खी बोटीच्या पोटात शिरते, लोक डब्यातून उतरून जिन्याने डेकवर जातात, पलीकडे पोचले की परत ट्रेनमध्ये. पोरगा वेडा झाला. चाळीस चित्रं काढली त्याने, बोटीच्या आत ट्रेन, ट्रेनच्या आत तो, त्याच्या हातात चकली. रिक्षावाल्या काकांना सांगून झालं, सोसायटीच्या वॉचमनना सांगून झालं. आणि तिकिटं काढून झाल्यावर रात्री साडेअकराला मला दिसलं की ती बोट डिसेंबर २०१९ मध्येच बंद झाली. ट्रेन आता डेन्मार्कच्या फ्यून बेटावरून फिरून जाते, आणि त्या जुन्या बोटीच्या वाटेवर समुद्राखाली १८ किलोमीटरचा बोगदा करतायत. हे शेवटचं नवऱ्याने इतक्या आनंदाने सांगितलं की मी त्याच्याकडे नुसतं बघितलं.

सकाळी बाप पोराला घेऊन बसला. अरे, आता ट्रेन समुद्राच्या खालून जाते, स्टोरबेल्ट, आधी पूल, मग आठ किलोमीटर बोगदा!

"मग बोट?"

"बोटीची गरजच नाही आता."

"मला आहे."

दोन दिवस घरात सुतक. चित्रं फ्रिजवरून उतरली. तिसऱ्या दिवशी मामाचा व्हिडिओ कॉल आला, भाचा फोन घेऊन गॅलरीत गेला, दार लावून घेतलं, आणि दहा मिनिटांनी ॲटलास काखेत मारून स्वयंपाकघरात उभा. मामा म्हणाला इटलीत अजून आहे, ट्रेन बोटीत घालून सिसिलीला नेतात, हे बघ, इथे, बुटाच्या टोकाला. मी पोळी तव्यावर टाकली होती. म्हटलं बरं, आणि रोमहून सिसिलीत पार पालेर्मोपर्यंत जायचं तर किती डेक्कन क्वीन?

"साडेतीन!" आतल्या खोलीतून आवाज आला.

मी गॅस बारीक केला.