‘६० पोरांचा वर्ग सांभाळून बघा’ म्हणणाऱ्या सरांना

नमस्कार सर,

इब्न खल्दून या चौदाव्या शतकातल्या अरब इतिहासकारावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही टाकलेली कमेंट काल रात्री वाचली आणि लगेच काही लिहायचं नाही असं ठरवून फोन बाजूला ठेवला, पण सकाळी कणीक मळतानाही डोक्यात तेच, म्हणून लिहितेय. ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी सांगते, मी एवढंच म्हटलं होतं की या माणसाने १३७७ साली ‘मुकद्दिमा’ या आपल्या ग्रंथात मुलांना मारून शिकवण्याबद्दल जे लिहून ठेवलंय ते आजच्या शिक्षकांनी वाचावं. त्यावर सरांचं म्हणणं, खल्दून कैरोत जन्मलेला नाही, त्याने काळ्या लोकांबद्दल वाईटसाईट लिहिलंय ते मी सांगितलं नाही, तीन फटके मारायची सूट तोच देतो तेही मी लपवलं, आणि शेवटी हे वाक्य: “ज्या बाईने ६० पोरांचा वर्ग सांभाळला नाही तिने ६०० वर्षांपूर्वीच्या अरबाला पुढे करून आम्हाला शिकवू नये.”

कैरोचं मान्य. जन्म ट्यूनिसचा, १३३२ चा, कैरोत तो पुढे काझी होता आणि १४०६ मध्ये वारला तिथेच. माझ्याकडून घाईत उलटसुलट झालं, दुरुस्त केलंय, धन्यवाद.

आता ते वाक्य. सर, शाळेत पोरं हाक मारतात ती ‘बाई’ वेगळी आणि तुमच्या वाक्यातली ‘बाई’ वेगळी, एवढं मराठी मला कळतं. तुम्ही निवृत्त मुख्याध्यापक, वयाने मोठे, तुमचा मान आहेच, पण मी कोण, कुठे शिकवलं, किती वर्षं, यातलं काहीही न विचारता तुम्ही सरळ ‘सांभाळला नाही’ असं लिहून मोकळे झालात. मी ११ वर्षं गणित शिकवलंय, तालुक्याच्या गावी, सातवी ब, पटावर ५८ मुलं, दोन पंख्यांपैकी एक बंद. पहिल्या वर्षी मी मारलंही आहे. एक मुलगा बहिणीच्या अक्षरातला गृहपाठ घेऊन आला म्हणून मी त्याला सगळ्यांसमोर दोन पट्ट्या दिल्या. त्यानंतर त्याची वही रोज पूर्ण यायला लागली. मी खूश. दिवाळीनंतर लक्षात आलं की अक्षर अजून बहिणीचंच आहे, फक्त आता ती ते त्याच्यासारखं वाकडं काढायला शिकलीय. दोन पट्ट्यांत दोन मुलं खोटेपणा शिकली, आणि शिकवणारी मी.

हे मला नवीन असायला नको होतं, कारण मी स्वतः तशीच शिकलेय. पाचवीत आमचे एक सर पट्टी उभी धरून बोटांच्या सांध्यावर मारायचे. सतराचा पाढा मला आजही अडखळत येतो. पण बेंचवर पेन्सिलने बारीक लिहून ठेवायचं आणि सर जवळ आले की तळहात फिरवून पुसायचं, हे मी त्या एका वर्षात पक्कं शिकले.

खल्दून नेमकं हेच सांगतो, सर. तो म्हणतो, धाकात वाढलेलं मूल आळशी होतं, मनात एक ठेवतं आणि दाखवतं दुसरं, कारण हात उठायची भीती असते, आणि मग ती लबाडी त्याची सवय होते, स्वभाव होतो. रोझेन्थालच्या इंग्रजी भाषांतरात हे पान पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसून राहिले. माझी पाचवी आणि माझी सातवी ब, दोन्ही त्या एका पानावर होत्या. ६०० वर्षांचं काय घेऊन बसलात? मूल तेच आहे की.

आणि ‘अरबाला पुढे करून’ म्हणजे काय? तो कुठे खोलीत बसून पुस्तकं चाळणारा होता? साथीत आईवडील गेले तेव्हा तो जेमतेम १७ वर्षांचा होता, पुढे दरबारात कारभार केला, तुरुंगात गेला. त्याने मदरशांतले वर्ग डोळ्यांनी बघितलेत. मोरोक्कोत विद्यार्थी १६ वर्षं राहतात, ट्यूनिसमध्ये ५, आणि तरी मोरोक्कोतली मुलं सगळं पाठ करून चर्चेत तोंड उघडत नाहीत, गप्प बसतात, हे तो लिहितो. त्याच्या मते शिकायचा सोपा रस्ता म्हणजे बोलणं, वाद घालणं. आपल्या कुठल्याही वर्गात मागच्या बेंचवर अर्धा तास बसून बघा आणि मग सांगा हे जुनं झालंय का.

तीन फटक्यांचं म्हणाल तर ते वाक्य त्याने इब्न अबी झैद या आधीच्या काळातल्या धर्मशास्त्रज्ञाचं दिलंय, की मारायचंच झालं तर तीनच्या वर नको. तुम्हाला त्यात सूट दिसते, मला लगाम दिसतो. आणि आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने ते तीनही काढून घेतलेत, तेव्हा त्याच्या आडून छडीची बाजू घेता येणार नाही. वंशाबद्दल त्याने जे लिहिलंय त्यावर इथे वाद घालत नाही, लेख शिक्षणाबद्दल होता.

तुमच्या कमेंटमधलं ‘बाईंनी स्वयंपाकाच्या रेसिपी लिहाव्यात’ हे मी उडवलेलं नाही, राहू दे तिथेच, तुमचे विद्यार्थीही वाचत असतील. जन्मगाव बदललंय, बाकी लेख आहे तसाच राहील.