लॉटरी लागली म्हणे!

ब्रिटनची यंग प्रोफेशनल्स स्कीम, म्हणजे तरुण भारतीय पदवीधरांना तिथे दोन वर्षं राहून काम करू देणारा व्हिसा. त्याच्या बॅलटमध्ये, म्हणजे सोडतीत, माझा नंबर लागला आणि आई पेढे वाटून मोकळी झाली. अगं, कसले पेढे? लागलाय तो फक्त अर्ज भरायचा नंबर!

आधी खात्यात २,५३० पौंड दाखवा. नुसते दाखवून भागत नाही, सलग २८ दिवस ते तिथेच बसले पाहिजेत. मधेच गाडीचा हप्ता कापला गेला, शिल्लक एक दिवस खाली घसरली, की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. स्वतःच्याच पैशाला हात लावायची चोरी! बरं, तो २८वा दिवसही अर्जाच्या आधीच्या ३१ दिवसांतच पडायला हवा. व्हिसा काढतोय की लग्नाचा मुहूर्त? बँकेत स्टेटमेंटवर शिक्का मागितला तर काउंटरवरच्या बाई म्हणतात, "ऑनलाइन काढा ना." ऑनलाइन काढलं तर नाव अर्धंच. पासपोर्टवर वडिलांच्या नावासकट, डिग्रीवर आडनाव आधी. अहो, मी एकच माणूस आहे, तिघे भाऊ नाही!

मग टीबीची तपासणी, तीही त्यांनी नेमलेल्या दवाखान्यातच. वर हेल्थ सरचार्ज. वर्षाला ७७६ पौंड, दोन्ही वर्षांचे आगाऊ. आजारी पडायच्या आधीच बिल! व्हिसाची फी वेगळी, ती तर विचारूच नका.

आणि शेजारचे काका रोज जिन्यात गाठून डोळा मारतात, "काय रे, किती मिळाले लॉटरीत?"

मिळाले? गेले, काका, गेले!