तहान लागल्याशिवाय विहीर खणू नये

परराष्ट्र धोरणात विज्ञानाचं काय काम, असा प्रश्न तुम्हाला पडत असेल तर तुम्ही अजून सरकारी सेवेत आलेला नाहीत. आला असतात तर ठाऊक असतं, की विज्ञानाचं काम संयुक्त निवेदनात असतं. दहशतवादाचा निषेध उरकला की पुढे आणि योग, चित्रपट वगैरे सुरू व्हायच्या आधी. "अवकाश, जैवतंत्रज्ञान, कृत्रिम बुद्धिमत्ता आणि हरित ऊर्जा या क्षेत्रांतील सहकार्य अधिक दृढ करण्यावर उभय नेत्यांचे एकमत झाले." एवढं वाक्य पाठ करून ठेवा. देश कुठलाही असो, अडत नाही.

त्यानंतर सामंजस्य करार. लांबट टेबल, दोन छोटे झेंडे, कातडी बांधणीच्या दोन फायली, मागे दोघं उभे. ते फक्त पान उलटायला आणि सही झाल्यावर फायलींची अदलाबदल करायला. फाइल हातात घेतल्यावर लगेच खाली बघू नका, कॅमेऱ्याकडे बघा. आत काय लिहिलंय ते नंतर बघता येतं, आणि नाही बघितलं तरी सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. अशा करारात पैशाचा आकडा नसतो. म्हणून तर तो इतक्या लवकर होतो.

उपक्रम जुना झाला की त्याला नवं नाव द्यावं. २०२३ च्या जानेवारीत अमेरिकेबरोबर 'आयसेट' नावाचा तंत्रज्ञान-उपक्रम धूमधडाक्यात सुरू झाला. वॉशिंग्टनमध्ये सरकार बदललं आणि २०२५ च्या फेब्रुवारीत 'ट्रस्ट' आला. बारशाला दोन्ही वेळा पेढे वाटले गेले.

पण हे सगळं वरवरचं. विज्ञान खरोखर उभं करायचं असेल तर त्याला एकच खात्रीचा मार्ग आहे: कुणीतरी आपल्याला नकार दिला पाहिजे. ठणठणीत, जाहीर, अपमान होईल असा. तोवर हात हलवायचा नाही. जग देत असताना स्वतः बनवत बसणं म्हणजे उधळपट्टी, असं वित्त विभागाचं मत असतं आणि वित्त विभागाशी वाद घालून आजवर कुणाला बढती मिळालेली नाही.

उदाहरण पुण्याचंच घ्या. ऐंशीच्या दशकात आपल्याला महासंगणक हवा होता. अमेरिकेने हवामानाच्या अंदाजासाठी एक 'क्रे' दिला, पण अटींच्या दोरखंडाने बांधून. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेला त्याहून ताकदवान हवा होता, तो दिलाच नाही. मग कुठे १९८८ मध्ये गणेशखिंडीत महासंगणक बनवायला सी-डॅक ही सरकारी संस्था उभी राहिली. अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे विजय भटकर प्रमुख झाले आणि १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. आतल्या चिप ब्रिटिश बनावटीच्या होत्या, ही गोष्ट भाषणात घेऊ नये. पंचवीस-तीस वर्षांनी चिपवरून जगात मारामारी होणार आहे, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तरी उपयोग नव्हता. चिप तेव्हा मिळत होत्या ना! नकार आलेला नव्हता.

क्रायोजेनिक इंजिनाचा नकार मात्र अभ्यासक्रमात लावण्याजोगा आहे. जड उपग्रह वर न्यायचे तर उणे २५३ अंशांवरचा द्रव हायड्रोजन आणि उणे १८३ अंशांवरचा द्रव ऑक्सिजन जाळणारं इंजिन लागतं. १९९१ मध्ये इस्रोने ग्लावकॉसमॉस या सोव्हिएत अवकाश-संस्थेशी करार केला: इंजिनंही द्या आणि बनवायची विद्याही द्या. वर्ष संपता संपता सोव्हिएत संघच संपला. १९९२ च्या मे महिन्यात अमेरिकेने इस्रो आणि ग्लावकॉसमॉस, दोघांवर दोन वर्षांचे निर्बंध घातले. कारण काय, तर या इंजिनापासून क्षेपणास्त्र होईल. आता, ज्यात इंधन भरायलाच तासन् तास जातात ते क्षेपणास्त्र डागण्याआधी शत्रूला 'जरा थांबा' म्हणून कळवावं लागेल, हे आपले शास्त्रज्ञ घसा कोरडा होईपर्यंत सांगत राहिले. पण मुत्सद्देगिरीत भौतिकशास्त्राला मताधिकार नसतो. रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन यांना पाश्चात्त्यांची मदत हवी होती. १९९३ मध्ये रशियाने हात वर केले. तयार इंजिनं घ्या, विद्या विसरा.

इथे तुम्ही काय शिकायचं? कुणी भोळा म्हणेल, की इंजिनाचं काम आधीपासून घरात सुरू असतं तर ग्लावकॉसमॉसच्या दाराशी जावंच लागलं नसतं. अशा माणसाला समितीवर घेऊ नका. घेतलंच तर अध्यक्ष करू नका.

नकारानंतर एकवीस वर्षं लागली. २०१० च्या एप्रिलमध्ये पहिलं देशी क्रायोजेनिक इंजिन घेऊन इस्रोचं जीएसएलव्ही रॉकेट उडालं ते थेट बंगालच्या उपसागरात. २०१३ च्या ऑगस्टमध्ये उड्डाणाला सव्वा तास उरला असताना दुसऱ्या टप्प्यात इंधनगळती सापडली आणि सगळं थांबवावं लागलं. अखेर ५ जानेवारी २०१४ ला जमलं. या एकवीस वर्षांत महेंद्रगिरीच्या चाचणी केंद्रावर ज्यांनी झडपा, पंप आणि गळत्या यांच्याशी झुंज दिली त्यांचे फोटो कुठल्याही संयुक्त निवेदनाला जोडलेले नाहीत. ते बरोबरच आहे. त्यांच्यामागे झेंडे नव्हते.

आणि आता फळ बघा. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून 'निसार' उपग्रह उडाला. नासा आणि इस्रोचा संयुक्त, खर्च सुमारे दीड अब्ज डॉलर. जमीन सेंटिमीटरने खचली तरी टिपणारा. त्याला वर नेलं जीएसएलव्हीने, म्हणजे ज्या इंजिनाची विद्या अमेरिकेने आपल्याला मिळू दिली नव्हती त्याच जातीच्या इंजिनावर अमेरिकेने आपला लाखमोलाचा रडार बसवून पाठवला. विज्ञान-मुत्सद्देगिरीचा याहून मोठा विजय कोणता? तुम्ही टाळ्या वाजवायला हात वर केले असतील तर ते तसेच ठेवा, कारण त्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी भारतावर पंचवीस टक्के आयातशुल्क जाहीर केलं. उपग्रह कक्षेत गेला, आपण शुल्काच्या कक्षेत गेलो. तेव्हा 'संयुक्त उपग्रहामुळे संबंध दृढ होतात' हे वाक्य लिहिताना तारीख टाकू नये.

घेण्याचं झालं, आता देण्याचं. दानशूर दिसायला विज्ञानासारखं साधन नाही. सार्क देशांना एक उपग्रह भेट देऊ, असं २०१४ मध्ये आपण जाहीर केलं. पाकिस्तान म्हणाला, आम्हाला नको. मग नाव बदलून 'दक्षिण आशिया उपग्रह' केलं आणि ५ मे २०१७ ला तो सोडला. संदेश झेलून परत पाठवणारे बाराच्या बारा ट्रान्सपाँडर शेजाऱ्यांच्या सेवेला हजर. एका वर्षाने बांगलादेशाने फ्रेंच कंपनीकडून स्वतःचा उपग्रह बनवून घेतला आणि अमेरिकी रॉकेटने सोडला. असं होतं कधी कधी. शेजाऱ्याला भेटवस्तूपेक्षा मालकी आवडते, आणि हे आपल्याला क्रायोजेनिकच्या वेळी अगदी नीट समजलं होतं.

लशीची गोष्ट त्याहून नाजूक आहे, तेव्हा सांभाळून वापरा. २० जानेवारी २०२१ ला 'लसमैत्री' सुरू झाली. पुण्याच्या सीरममध्ये बनलेली कोव्हिशिल्ड पहिल्याच दिवशी भूतान आणि मालदीवला पोचली. दोनच दिवसांनी ब्राझीलच्या अध्यक्षांनी हनुमानाचं चित्र ट्वीट केलं. मारुतीराय द्रोणागिरीऐवजी लस घेऊन समुद्रावरून झेपावताहेत! इतकी जाहिरात तर सीरम जिथे आहे त्या मांजरी गावाच्या आसपासच्या एकाही कारखान्याची कधी झाली नव्हती.

भूतानने लशी लगेच टोचल्या नाहीत. पंचांग बघितलं, धर्मपीठाचा सल्ला घेतला आणि शुभदिवस म्हणून २७ मार्च ठरवला. पहिली लस माकड-वर्षात जन्मलेल्या बाईला, टोचणारी परिचारिकाही त्याच वर्षाची. आपल्याकडचे विज्ञानवादी हसले असतील. पण त्या डोंगराळ देशाने दोन-अडीच आठवड्यांत आपल्या बहुतेक सगळ्या प्रौढांना पहिला डोस देऊन टाकला. मग त्यांनी दुसऱ्यासाठी आपल्याकडे बघितलं. आपल्याकडे तोवर दुसरी लाट आली होती, निर्यात थांबली होती, आणि ३० एप्रिलपासून तीन दिवस तर खुद्द मुंबईत साठा नाही म्हणून लसीकरण बंद होतं. भूतानचा दुसरा डोस जुलैत झाला, अमेरिका आणि डेन्मार्क वगैरेंनी दिलेल्या लशींवर. भूतानचं पंचांग चुकलं नव्हतं. आपली बेरीज चुकली होती.

या प्रकरणातला एक बारीक धडा लोक विसरतात. लस बनत होती आपल्याकडे, कारखाना आपला, पण त्यासाठी लागणाऱ्या पिशव्या, गाळण्या आणि असलंच फुटकळ सामान अमेरिकेतून यायचं. तिथे सरकारने 'आधी घरचे' असा कायदा लावला आणि माल अडकला. १६ एप्रिलला सीरमच्या प्रमुखांनी थेट अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना उद्देशून ट्वीट केलं, की कृपा करून निर्यातबंदी उठवा. जगाचा औषधवाला म्हणून आपण मिरवत होतो आणि गाडं अडलं होतं प्लॅस्टिकच्या पिशवीपाशी. तुमच्या भाषणात 'जगाचा औषधवाला' अवश्य घ्या, फक्त पिशवी कुठून येते हे विचारणारा पत्रकार पहिल्या रांगेत बसवू नका.

तसंच घड्याळांचं. परक्याच्या जीपीएसवर विसंबायचं नाही म्हणून आपण स्वतःची दिशादर्शक यंत्रणा आकाशात उभी केली. उत्तम. उपग्रहाचा सगळा खेळ अणुघड्याळावर चालतो, आणि घड्याळं आणली युरोपातून. २०१३ मध्ये सोडलेल्या पहिल्या उपग्रहातली तिन्ही घड्याळं २०१६ पासून एकेक करत बंद पडली. युरोपच्या गॅलिलिओ या दिशादर्शक यंत्रणेतलीही पडली, म्हणजे आपल्याशी दावा धरून कुणी खराब माल दिला असं नाही. बदली उपग्रह २०१७ मध्ये निघाला तर त्याचं उष्णतारोधक आवरणच उघडलं नाही. मग अहमदाबादला बनवलेलं देशी रुबिडियम घड्याळ २०२३ मध्ये वर गेलं. स्वावलंबनाचं वेळापत्रक आपण पाळतोच, फक्त घड्याळ बंद पडल्यावर.

आता तुम्ही म्हणाल, नेहमी काय नकारच येतात का? कधी कुणी हौसेने देत असेल तर? त्याचीही सोय आहे, आणि ती बघायला हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला जावं लागेल. गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशालाच बसणारे बारीक हेलकावे, मोजणाऱ्या अमेरिकेच्या 'लायगो' प्रकल्पाला तिसरा शोधक अमेरिकेबाहेर उभारायचा होता. यंत्रसामग्री ते देणार, जागा, इमारत, नळ्या यजमानाने करायच्या. आधी ऑस्ट्रेलियाला विचारलं, त्यांनी पैसे नाहीत म्हणून हात जोडले. मग ती संधी आपल्याकडे आली. ११ फेब्रुवारी २०१६ ला लहरी सापडल्याची घोषणा जगाने ऐकली आणि १७ फेब्रुवारीला आपल्या मंत्रिमंडळाने तत्त्वतः मंजुरी दिली. सहा दिवसांत! त्या मार्चमध्ये वॉशिंग्टनला करार, झेंडे, फायली, सगळं झालं. २,६०० कोटींची अंतिम मंजुरी आली २०२३ च्या एप्रिलमध्ये.

तत्त्व आणि पैसा यांच्यातलं अंतर सात वर्षांचं निघालं. या शोधकाला प्रोटॉनच्या जाडीच्या दहा हजाराव्या भागाएवढा फरक मोजायचा आहे, त्यामुळे घाई करून चालणार नाही, असं समर्थन तुम्ही देऊ शकता. दिलेली सामग्री मधल्या काळात अमेरिकेतल्या हॅनफर्डच्या गोदामात खोक्यांत पडून होती. इकडे पुण्याची खगोलशास्त्र-संस्था आयुका आणि इतर संस्थांतली पोरं पीएचडी करून, लहरी शोधण्याचं गणित शिकून तयार होत होती, आणि यंत्र जिथे चालू होतं तिथे निघून जात होती. त्यालाच आपण परदेशस्थ भारतीयांची सॉफ्ट पॉवर म्हणतो. पुढे त्यांच्यासाठी एक मेळावा घ्यायचा, ढोल-ताशासकट.

बजेटचं विचाराल तर संशोधनावर आपण सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के खर्च करतो. चीन अडीच टक्क्यांच्या घरात, दक्षिण कोरिया आणि इस्रायल पाच-सहाच्या आसपास. हा आकडा परिषदेत कुणी काढलाच तर लगेच प्राचीन भारताकडे वळा. परराष्ट्र मंत्रालयात २०२० पासून नव्या तंत्रज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे, हेही सांगा. जगभरच्या आपल्या दूतावासांपैकी वॉशिंग्टन, मॉस्को, टोकियो, बर्लिन अशा मोजक्याच ठिकाणी विज्ञान सल्लागार असतो, हे सांगायची गरज नाही.

ताजा नकार चीनचा आहे, आणि तो जरा वेगळ्या घाटाचा. ४ एप्रिल २०२५ पासून त्यांनी सात दुर्मिळ मृदा-धातू आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीला परवाना लावला. विजेच्या स्कूटरच्या मोटरमध्ये ते चुंबक असतं. अंगठ्याएवढं. चाकण-आकुर्डीच्या पट्ट्यात त्यावाचून गाड्यांच्या रांगा खोळंबायची वेळ आली. 'नाही' असं चीन म्हणतच नाही. तो फॉर्म देतो. हे चुंबक शेवटी कोण वापरणार, कशासाठी वापरणार, त्यापासून शस्त्र बनवणार नाही, असं लिहून द्या, आपल्या सरकारचा शिक्का घ्या, मग दिल्लीतल्या त्यांच्या दूतावासाचा शिक्का घ्या, मग ते कागद तिकडच्या पुरवठादाराकडे धाडा, आणि वाट बघा. सरकारी कचेरीत आयुष्य घालवलेल्या माणसालाही गहिवरून यावं अशी ही पद्धत आहे.

बरं, हे धातू आपल्याकडे नाहीत म्हणावं तर केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या वाळूत ते आहेत. त्यांचं काम करणारी आपली सरकारी कंपनी १९५० ची आहे. वाळू होती, कंपनी होती, शास्त्रज्ञ होते. नव्हता फक्त नकार. तो एप्रिलमध्ये आला आणि नोव्हेंबरात मंत्रिमंडळाने देशी चुंबकांसाठी ७,२८० कोटींची योजना मंजूर केली. सात महिन्यांत! पंचाहत्तर वर्षांत जे सुचलं नाही ते एका चिनी फॉर्मने सुचवलं, तेव्हा बीजिंगला आभाराचं पत्र जायला हवं होतं. तेवढं राहिलं.

पुढचा नकार कशाचा येईल, असं तुम्हाला कुणी विचारील. तरुण अधिकारी विचारतात, त्यांना हौस असते. लागलीच यादी काढून देतील: चिप बनवायची यंत्रं, बॅटरीचं लिथियम, औषधांचा कच्चा माल, विमानाचं इंजिन. ती यादी बघू नका. बघितलीत आणि त्यावर शेरा मारलात, तर आपल्याला आधीच माहीत होतं असं पुढच्या चौकशीत सिद्ध होईल.