स्टोव्हचा भडका

ऐंशीच्या दशकातली मराठी दैनिकं ज्यांनी रोज वाचली, त्यांना ‘भडका’ म्हटलं की आधी स्टोव्ह आठवतो. ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू.’ आतल्या पानावर, बाजारभाव आणि निधनवार्ता यांच्या शेजारी, चार ओळींची बातमी. नाव, वय, गाव, ‘स्वयंपाक करीत असताना’ आणि ‘पोलिसांनी अपघाती मृत्यूची नोंद केली आहे’. संपलं. दुसऱ्या दिवशी नाव बदलायचं, गाव बदलायचं, वाक्य मात्र तेच.

या वाक्याचा मला आजही राग येतो. त्यात स्टोव्ह आहे, भडका आहे, जळालेली बाई आहे, आणि घरातलं दुसरं माणूस एकही नाही. नवरा कुठे होता? सासू कुठे होती? दाराला कडी कोणत्या बाजूने होती? रात्री अकराला कसला स्वयंपाक चालला होता? ‘भडका’ हा शब्द आला की यातला एकही प्रश्न विचारायची गरज उरत नसे. पंचनाम्याची शाई वाळायच्या आत बातमीने निकाल देऊन टाकलेला असे.

स्टोव्ह खरंच भडकायचे, हेही सांगायला हवं. पंपाच्या पितळी स्टोव्हचा बर्नर आधी काकड्याने नीट तापवावा लागे. तो थंड असताना पंप मारला, तर रॉकेलची वाफ होत नसे, धारच वर येई आणि जाळ उसळे. वर नायलॉनची साडी, चिंचोळं स्वयंपाकघर. अशा अपघातात किती तरी बायका होरपळल्या आणि त्यांच्या घरच्यांवर विनाकारण संशय घेणं अन्यायाचंच झालं असतं. पण तोच स्टोव्ह घरात सगळेच हाताळत. चहा सासूही करायची, अंघोळीचं पाणी नवराही तापवायचा. बातमीत मात्र जळायची ती बहुतेक वेळा तरुण सूनच. केसांपासून पायांपर्यंत भाजलेली बाई आणि केसांना रॉकेलचा वास, हे बर्नरच्या जाळाशी जुळत नाही एवढं भाजलेल्यांच्या वॉर्डातल्या डॉक्टरांना आणि नर्सना कळत होतं. वाचणाऱ्या बायकांनाही कळत होतं. ‘भडका उडाला म्हणे’ असं त्या आवाज खाली करून म्हणत आणि त्या ‘म्हणे’त सगळं येई.

मग हा शब्द टिकला कसा? माझ्या मते मुख्य कारण साधं होतं. गुन्हेवार्ता पोलीस ठाण्यातून येत असे. ठाण्यातल्या नोंदीत जे लिहिलं असेल ते बातमीदार उतरवून घेई आणि उपसंपादक त्याला ठरलेला मथळा लावी. नोंद सासरच्यांच्या सांगण्यावरून झालेली असे. जी बोलू शकली असती तिची जबानी अनेकदा त्याच सासरच्यांच्या देखत घेतली जाई. म्हणजे छापून येई ते एका बाजूचं म्हणणं, आणि ते वाचलं जाई वस्तुस्थिती म्हणून.

हे चित्र बायकांनी हलवलं. पुण्यात 1982 मध्ये मंजुश्री सारडा या नवविवाहितेचा लग्नानंतर काही महिन्यांतच मृत्यू झाला. तो जळून नव्हे, विषाने झाला होता. खटल्यात पतीला खालच्या न्यायालयांत शिक्षा झाली, 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची निर्दोष मुक्तता केली. पण त्या मृत्यूने शहर ढवळून निघालं. स्त्री-चळवळीतल्या कार्यकर्त्या विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या नारी समता मंचाने ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन भरवलं. घरातल्या मरणाबद्दल लोक चारचौघांत बोलू लागले. 1983 मध्ये भारतीय दंड विधानात विवाहितेच्या सासरी होणाऱ्या छळाबद्दलचं 498-अ कलम आलं. लग्नानंतर सात वर्षांच्या आत झालेल्या संशयास्पद मृत्यूच्या चौकशीचे नियमही तेव्हाच कडक झाले. 1986 मध्ये हुंडाबळीचं 304-ब आलं. त्यानंतर तरी निव्वळ ‘अपघाती मृत्यूची नोंद’ करून मोकळं होता येऊ नये, अशी कायद्याची अपेक्षा होती.

तरी मथळे लगेच बदलले नाहीत. ‘भडका’ पुढेही कितीतरी वर्षं छापला जात होता.

मथळ्यात सरसकट ‘सासरच्यांनी जाळले’ छापायला हवं होतं, असं मी म्हणत नाही. तोही चौकशीआधीचा निकालच. ‘भाजलेल्या विवाहितेचा मृत्यू, कारणाचा तपास सुरू’ एवढं लिहिता आलं असतं. जागा तेवढीच लागली असती. आणि दोन महिन्यांनी कुणी तरी त्या ठाण्यात फोन करून तपासाचं काय झालं ते विचारायला हवं होतं. त्या चार ओळींना पुढचा भाग क्वचितच मिळाला.

आता घरोघरी गॅस आहे, तो मथळा दिसत नाही. पण आजच्या गुन्हेवार्तेत ‘घरगुती कारणावरून’ आणि ‘किरकोळ वादातून’ रोज दिसतं. बाईचा जीव गेलेला असतो आणि वाद किरकोळ होता हे बातमीदाराला संध्याकाळपर्यंत कळलेलं असतं. वृत्तपत्रांत काम करणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो, आज रात्रपाळीला हे दोन शब्द समोर आले तर खोडा, आणि वाद किरकोळ होता असं नेमकं कुणी सांगितलं, ते बातमीत लिहा.